फ्लोरिनची पक्की गाठ : गोळीत फायद्याची, विहिरीत काळजीची

बारामती-इंदापूर पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे, बोरी परिसरात द्राक्षबागा आहेत. द्राक्षावरच्या भुरीसाठी फ्लुओपायरम असलेलं बुरशीनाशक आणि उसातल्या खोडकिडीसाठी फिप्रोनिल आपल्या शेतकरी बांधवांच्या ओळखीचं आहे. अनेक घरांत अम्मी-अब्बांची शुगरची सिटाग्लिप्टिन गोळीही असते. या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे : कार्बनला जोडलेला फ्लोरिन. तो तिथे का बसवतात आणि पुढे त्याचं काय होतं, हे आज समजून घेऊ.

सेंद्रिय रेणूंत कार्बनला बहुतेक ठिकाणी हायड्रोजन जोडलेला असतो. त्याच्या जागी फ्लोरिन आला की तो इलेक्ट्रॉन जोरात स्वतःकडे ओढतो. फ्लोरिनवर थोडा ऋण आणि कार्बनवर थोडा धन भार येतो, त्यामुळे दोघांची पकड आणखी घट्ट होते. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते. एक फ्लोरिन बसवला तर कार्बन-फ्लोरिन बंधाला सुमारे ४६० लागते. त्याच कार्बनवर तीन फ्लोरिन असतील तर ५३३, आणि चारही असतील तर ५४६. म्हणजे एका कार्बनवर फ्लोरिन जितके जास्त, तितका प्रत्येक बंध पक्का.

याचाच फायदा औषधांत घेतात. आपलं यकृत औषधाचा रेणू बऱ्याचदा कार्बन-हायड्रोजन बंधावरच फोडायला घेतं. नेमक्या त्या जागी फ्लोरिन असला की औषध शरीरात जास्त वेळ टिकतं. फ्लोरिन आकाराने लहान असल्याने रेणूचा साचाही फारसा बिघडत नाही. कीटकनाशकांतही हीच युक्ती वापरतात.

अडचण पुढे येते. फ्लुओपायरम आणि फिप्रोनिल या दोन्हींत तीन फ्लोरिनवाला कार्बन आहे. ऊन आणि मातीतले जिवाणू बाकीचा रेणू मोडतात, पण हा तुकडा सहसा तसाच राहतो. फ्लुओपायरमसारख्या औषधांपासून शेवटी ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल तयार होऊ शकतं. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि भूजलात उतरतं. याच कारणाने डेन्मार्कने २०२५ मध्ये फ्लुओपायरमसह सहा घटकांच्या २३ उत्पादनांची परवानगी काढून घेतली. माणसाच्या तब्येतीवर त्याचा नेमका किती परिणाम होतो, यावर युरोपात अजून वाद चालू आहे. पण एकदा पाण्यात गेलेलं हे आम्ल बाहेर काढणं अवघड, यावर वाद नाही.

आपण काय लक्षात ठेवायचं? विहिरीच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत 'फ्लोराइड' दिसतं ते पाण्यात सुटं असलेलं. कार्बनला बांधलेला फ्लोरिन त्यात मोजला जात नाही. म्हणून फ्लोराइडचा रिपोर्ट चांगला आला तरी या आम्लाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. पाणी उकळूनही ते जात नाही.

फवारणी लेबलावरच्या मात्रेनेच करा. पंप विहिरीजवळ किंवा कालव्यात धुऊ नका. आणि घरातली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. फ्लोरिन आहे म्हणजे विष आहे, असं नाही.