मधोमध एक भांडं

“सगळ्यांचे चमचे एकाच गंजात? मंग उष्टं नाई होत का रे हे?”

आईने हे विचारलं तेव्हा भांड्यातला रस्सा नुकताच उकळायला लागला होता. पुण्यातलं कोरियन-जपानी हॉट पॉटचं हॉटेल, शनिवारची संध्याकाळ. पुतणी तिथे नोकरीला. तिने हट्ट धरला म्हणून आम्ही भंडाऱ्याची माणसं तिथे जाऊन बसलो होतो. टेबलातच शेगडी बसवलेली, तिच्यावर पसरट भांडं, भांड्याच्या मधून उभा पत्रा. पत्र्याच्या एका बाजूला कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाचं नितळ पाणी, दुसऱ्या बाजूला कोरियन तिखटाचा लालभडक रस्सा. भोवती कच्च्या जिनसांच्या ताटल्या मांडलेल्या: चिनी कोबी, टोफू, सुईसारखे बारीक पांढरे मशरूम, सोललेली कोळंबी, कागदासारखे पातळ चिकनचे काप, तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या कांड्या. ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं, भांड्यात सोडायचं, शिजलं की आपल्या वाटीत काढून घ्यायचं.

आमच्याकडे शिजवायच्या भांड्याला गंज म्हणतात. घरातला गंज चुलीवरून उतरतो तो स्वयंपाकघरातच राहतो, पंगतीत येतो तो वाढणाऱ्याच्या हातात. जेवणाऱ्याचा हात किंवा चमचा गंजाला लागणं ही आईच्या सत्तर वर्षांत न घडलेली गोष्ट. पुतणीने तिला वाढायचा वेगळा डाव दाखवला, “आजी, यानेच काढायचं,” म्हणाली. आईने मान डोलावली, पण समोरच्या टेबलावरची मुलं ज्या काड्यांनी खात होती त्याच काड्या भांड्यात बुडवत होती, हे तिने पाहिलं होतं. तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यानंतर काही महिने मी भांड्यांविषयी मिळेल ते वाचत होतो.

जपानीत ‘नाबे’ म्हणजे भांडं, आणि त्यात टेबलावर शिजणाऱ्या पदार्थालाही नाबेच म्हणतात, जशी आपली हंडी. ही पद्धत तिथे युगानुयुगं चालत आली असेल असं मला वाटत होतं. पण एका भांड्याभोवती सगळ्यांनी बसायचं, हे तिथल्या शहरी घरांनी आणि हॉटेलांनी गेल्या दीडशे वर्षांतच अंगवळणी पाडलं. त्याआधी बऱ्याच जपानी घरांत प्रत्येकाची वेगळी पेटी असे, ‘हाकोझेन’. पेटीत आपली वाटी, आपला कप, आपल्या काड्या. जेवताना पेटीचं झाकण उलटं ठेवलं की त्याचंच ताट. जेवण झालं की वाटीत चहा किंवा गरम पाणी घालून ती खंगाळायची, ते पाणी प्यायचं आणि वाटी पेटीत परत. आपल्या पाटापेक्षाही काटेकोर वेगळेपण. घरात कोण थोरला, कोण नोकर, हे कोणाची पेटी कुठे मांडली आहे त्यावरून कळे. सगळ्यांचा मिळून एकच बुटका गोल मेज, ‘चाबुदाई’, हा मेइजी काळाच्या शेवटी, म्हणजे विसाव्या शतकाच्या तोंडावर घराघरांत शिरू लागला.

आणि मधलं भांडं आलं ते मांसाबरोबर. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी केली, आणि पुढे बाराशे वर्षं चार पायांच्या जनावराचं मांस जपानी समाजाच्या दृष्टीने अशुद्धच राहिलं. १८७२च्या जानेवारीत सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं. योकोहामा आणि टोकियोत त्याआधीच ‘ग्यूनाबे’ची, म्हणजे गोमांसाच्या भांड्याची दुकानं निघाली होती. कानागाकी रोबुन या लेखकाने १८७१-७२ मध्ये ‘आगुरानाबे’ नावाचं पुस्तक लिहिलं. ‘आगुरा’ म्हणजे मांडी घालून बसणं. मांसाच्या भांड्यापुढे मांडी घालून बसलेली माणसं त्यात आपापल्या तोंडाने बोलतात: सामुराई, व्यापारी, वैदू, वेश्या, शिकलेला नवा तरुण. काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांचे वर्ग कायद्यानेच वेगळे ठरलेले होते त्यांना लेखकाने एकाच दुकानात, एकाच वासात आणून बसवलं. त्या पुस्तकाविषयी वाचताना मला आईचा प्रश्न ऐकू येत होता. तो प्रश्न तिथेही कोणाच्या तरी आईने विचारला असणार.

‘शाबू-शाबू’ तर माझ्या थोरल्या काकांपेक्षाही लहान. ओसाकाच्या सुएहिरो या हॉटेलाने १९५२ साली हे नाव दिलं. काप काडीत धरून उकळत्या पाण्यात दोनचार वेळा हलवला की जो आवाज होतो, तोच त्या पदार्थाचं नाव झाला. ते शिजवायचं मूळ भांडं तांब्या-पितळेचं, मधे धुराडं असलेलं, बीजिंगच्या मटणाच्या भांड्यावरून घेतलेलं. धुराड्यात निखारे आणि भोवतीच्या कड्यात रस्सा.

कोरियात तसंच. जोसन राजवटीत थोरामोठ्यांच्या घरी प्रत्येक पुरुषापुढे वेगळा बुटका मेज यायचा, ‘सोबान’. आज कोरियन कुटुंब ‘जिगे’च्या, म्हणजे रश्श्याच्या, एका भांड्यात चार चमचे घालून जेवतं, आणि त्यालाच घरपण म्हणतं. कोरियन युद्धानंतर उइजोंगबूच्या अमेरिकी छावणीतून बाहेर आलेलं डब्यातलं मांस आणि सॉसेज तिखटात टाकून ‘बुदे-जिगे’ झालं, छावणीचा रस्सा. भुकेच्या दिवसांत वेगळे मेज टिकले नाहीत.

पण मला थांबवलं ते कोरियन धातूने. कोरियात सणावारी आणि राजघराण्यात जी पिवळी भांडी वापरत, ‘यूगी’, त्यांतल्या उत्तम प्रतीच्या ‘बांगजा’ भांड्यांत ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असतं. तापवून, ठोकून, पुन्हा तापवून घडवायची. हे आपलं कासं! आपल्याकडेही काशाच्या थाळीचं प्रमाण हेच सांगतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी सत्तेने कोरियन घरांतली ही भांडी शस्त्रांसाठी जप्त करून नेली. लोकांनी काही जमिनीत पुरून ठेवली. युद्धं संपली, घरोघरी दगडी कोळशाच्या वड्या जळू लागल्या, त्यांच्या धुराने उरलेली भांडी काळी पडू लागली, आणि स्टेनलेस स्टील आलं.

शेवटचं वाक्य मी भंडाऱ्याबद्दलही लिहू शकतो. आमचं गाव पितळेचं. गावाच्या नावाची फोडच अशी सांगतात की ‘भाण’ म्हणजे पितळ, भांडं, आणि त्यावरून भाणारा. रतनपूरच्या इ.स. ११००च्या शिलालेखात गावाचा उल्लेख आहे. माझ्या लहानपणी कासारांच्या गल्लीतून जाताना ठोके ऐकू यायचे, आणि ऐकून सांगता यायचं की आता गुंड चालला आहे की कोपर. गुंड म्हणजे पाण्याचं, कोपर म्हणजे परातीसारखं पसरट. मग स्टील आलं, आणि ठोके विरळ होत गेले.

पितळेत आंबट शिजवायचं तर आतून कल्हई हवी. कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता बसवायचा. भांडं निखाऱ्यावर लाल होईतो तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा ठसका लागणारा धूर निघायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत आतून चांदी पसरवायचा. भांडं पाण्यात बुडवलं की ‘चर्र’. आम्ही पोरं त्या ‘चर्र’साठी थांबायचो.

आता ती गोष्ट, जी या भांड्यांबरोबर नेहमी सांगितली जात नाही. मातीचं भांडं बाटलं की फोडायचं. पितळेचं बाटलं तर राखेने घासायचं, विस्तवावरून काढायचं, की शुद्ध. धातू टिकाऊ म्हणून मोलाचा होताच, पण तो विटाळ धुऊन टाकता येतो म्हणूनही मोलाचा होता. आणि म्हणूनच तो कोणाच्या हातात शोभतो यावर पहारा होता. डॉ. आंबेडकरांनी १९३६च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावाची हकीगत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या अस्पृश्य बायका धातूच्या घागरींतून पाणी आणू लागल्या, एवढ्यावरून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. त्याच आंबेडकरांनी १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक आमच्या भंडाऱ्यातून लढवली, आणि आमच्या जिल्ह्याने त्यांना पाडलं. पितळेच्या गावात वाढलेल्या माणसाने या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

आमच्या घरी गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात एक कपबशी पालथी असायची, कान तुटलेली. धानाच्या रोवणीला येणाऱ्या बाया त्यातून चहा प्यायच्या, स्वतः विसळायच्या आणि पुन्हा पालथी घालायच्या. आई वरून चहा ओतायची, कपाला किटली लागू न देता. मी ते रोज पाहिलं आणि बारावीपर्यंत मला त्यात काही दिसलं नाही.

वाटी वेगळी ठेवण्याचा हा इतिहास असलेल्या जिल्ह्यात एका भांड्यातून खाणारी माणसं बाहेरून येऊन राहिली, हेही खरं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी अर्जुनी मोरगाव तालुका भंडाऱ्याचाच होता, आणि तिथे गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. आम्हाला ते थंडीत स्वेटर विकणारे म्हणून माहीत. तिबेटी माणसांच्या मोठ्या सणाच्या जेवणात ‘ग्याकोक’ असतं: तांब्या-पितळेचं, मधे निखाऱ्याचं धुराडं असलेलं भांडं, बीजिंग आणि ओसाकाच्या भांड्यांचं सख्खं भावंड. हॉट पॉट खायला आम्ही पुण्याला गेलो. त्या भांड्याची माणसं पन्नास वर्षं आमच्याच झाडीपट्टीत राहत होती.

आणि आमच्याच जिल्ह्यातली पवनी. वैनगंगेकाठच्या या गावात १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूप सापडला. तिथून जवळच रुयाडला महासमाधीभूमीचा नवा महास्तूप उभा आहे. तो उभारणारे भदंत संघरत्न माणके लहानपणी जपानला गेले आणि ७८८ साली साइचोने स्थापन केलेल्या हिएई पर्वतावरच्या एन्ऱ्याकुजी मठात शिकले. दर फेब्रुवारीत तिथल्या धम्म महोत्सवाला जपानी भिक्खू येतात. जपानी मठांच्या स्वयंपाकात मांसमासळी नाही, कोम्बूचं पाणी आणि टोफू मात्र हटकून. क्योटोच्या देवळांभोवती तेवढ्याचंच ‘युदोफू’ मिळतं. त्या कोम्बूत काय आहे हे १९०८ मध्ये इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने शोधलं: ग्लुटामेट, ज्या चवीला त्याने ‘उमामी’ म्हटलं. आईला लाल बाजू सोडून हीच बाजू आवडली. लाल बाजू मात्र मला घरची वाटली. आपली आणि कोरियाची मिरची एकाच अमेरिका खंडातून निघाली, आणि पवनीच्या शेजारच्या भिवापूरच्या मिरचीला तर भौगोलिक मानांकन आहे.

उष्ट्याचा प्रश्न आपल्या परंपरेने कधी सोडवलाच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. सप्ताह संपला की काल्याचं कीर्तन होतं. लाह्या, दही, लोणचं, जे ज्याने आणलं ते एकत्र कालवतात, आणि गोपाळकाल्यात कोणी कोणाला भरवलं तरी उष्टं होत नाही. आषाढीनंतर पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला तोच काला. पण काल्याची मुभा एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याचा कोनाडा. ती मुभा रोजच्या दिवसांत आणायला समतानंद अनंत हरी गद्रे यांच्यासारखी माणसं झटली. त्यांनी सत्यनारायणाचा प्रसादच झुणका-भाकरीचा केला आणि पूजेला अस्पृश्य दांपत्य बसवलं. ते पूजेच्या आडून जे मागत होते ते हॉटेलच्या टेबलावर कोणी मागतही नाही. तिथे बिल भरलं की चमचा बुडवता येतो. ही सोय आहे, समता नाही, हे मला कळतं. तरी त्या भांड्यापुढे बसलेल्या माणसाला एक गोष्ट हाताने करावी लागते, आणि हाताला जे जमतं ते कधीकधी मनाच्या आधी जमतं.

त्या संध्याकाळी आई बराच वेळ डावानेच काढत राहिली. कोळंबी गुलाबी होताना बघून म्हणाली, “आपले तलावातले झिंगे यात लवकर शिजतीन.” चिकनचे काप संपले, कोबी संपला. मग वाढणाऱ्या मुलाने उरलेल्या नितळ पाण्यात वाटीभर भात घातला आणि वरून अंडं फेटून सोडलं. जपानी लोक शेवटी असंच करतात, ‘झोसुई’. भांड्यात जे जे शिजलं त्या सगळ्याची चव भातात उतरते. भंडाऱ्याच्या माणसाला भात दिसला की परकेपणा जातो. आईने चव घेतली, चिन्नोर तांदळाचा वास नाही म्हणाली, पण पेजेसारखं आहे म्हणाली.

मग अचानक, कोणी विचारलं नसताना, तिने कोनाड्यातल्या कपबशीचं काढलं. “ते बाई रोवन्याची पहिली मूठ आमच्या बांधीत लावे,” आई म्हणाली. “तिले मी एकदा बी घरातल्या कपात चाहा नाई देल्ला.” पुतणीला काही समजलं नाही. मला समजलं. कोणी काही बोललं नाही.

शेगडी बंद झाली होती. डाव पलीकडच्या ताटलीत होता, हाताजवळच. आईने आपला चमचा, ज्याने ती आतापर्यंत जेवली होती तो, भांड्यात घातला आणि तळ खरवडला.

“घे रे,” माझ्या वाटीत टाकत ती म्हणाली, “खाली लागलाय, तोच गोड असते.”