रुतलेलं नख आणि रुसलेला अंगठा

शनिवारची सकाळ. शाळेचं मैदान. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सगळा वर्ग रांगेत उभा. सरांनी शिट्टी फुंकली, "कदमताल सुरू कर!" आणि उजवा पाय जमिनीवर आपटताच माझी कळ थेट मस्तकात गेली!

दोस्तांनो, मी तेव्हा सातवीत होतो. उजव्या अंगठ्याचं नख कडेला टोचत होतं. मी कोणाला न सांगता बाबांचं दाढीचं ब्लेड घेतलं आणि नखाचा कोपरा पार आतपर्यंत कापून टाकला. दोन दिवस एकदम आराम! वाटलं, आपण अर्धे डॉक्टरच झालो. पण पुढे महिन्याभरात अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला, मोज्याला पू लागायला लागला. तरी मी गप्पच. एक तर ब्लेडबद्दल ओरडा बसला असता, आणि दुसरं म्हणजे १५ ऑगस्टच्या कवायतीतून नाव गेलं असतं.

असं का झालं? त्यासाठी नख वाढतं कसं ते पाहू या. नख केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचं बनलेलं असतं. आपले केससुद्धा त्याचेच. नखाचं मूळ असतं मागच्या बाजूला, कातडीखाली. तिथून नख हळूहळू पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मंच. म्हणून पायाच्या अंगठ्याचं अख्खं नख नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

आता गंमत बघा. कोपरा खोल कापताना अगदी कडेला नखाचं एक बारीक टोक राहून जातं. ते आपल्याला दिसत नाही. नख पुढे सरकलं की हे टोक भाल्यासारखं शेजारच्या मऊ मांसात घुसतं. शरीराला वाटतं, काटाच रुतला! मग सूज, ठणका आणि जंतू शिरले की पू. म्हणजे ज्या कापण्यानं मला आराम वाटला, त्यानंच दुखणं आणलं होतं. आणि पुन्हा दुखलं की आपण काय करतो? पुन्हा कोपरा कापतो!

तुमच्या वयात हा त्रास जास्त दिसतो. पायाला घाम खूप येतो, कातडी मऊ पडते. शिवाय पाय भराभर वाढतात, बूट मात्र तेवढेच राहतात. आई-बाबा, हे तुमच्यासाठी : "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून घेतलेले मोठे बूटही काही कामाचे नाहीत. त्यांत पाय पुढे घसरतो आणि अंगठा सारखा टोकावर आदळतो.

एक सोपा प्रयोग करा. संध्याकाळी कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं त्याची आकृती काढा आणि तिच्यावर आपला बूट ठेवा. रेघ बुटाच्या बाहेर डोकावली, तर बूट अरुंद आहे. संध्याकाळीच का? दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात म्हणून. नवे बूटही संध्याकाळीच घ्यावेत.

नख नुसतं टोचत असेल, थोडी लाली असेल, तर घरी उपाय करता येतो. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीन वेळा १५ ते २० मिनिटं पाय बुडवून बसा. नंतर बोटांच्या फटींसकट पाय कोरडा करा. कडेची कातडी बोटानं हलकेच नखापासून बाजूला ढकला. काही दिवस बुटांना सुट्टी द्या, सँडल घाला. हळद, चुना, गूळ यांचा लेप लावू नका. लेपानं रुतलेलं टोक काही बाहेर येत नाही.

पण पू दिसला, ठणका वाढला, लाली पसरत चालली किंवा ताप आला, तर सरळ डॉक्टरांकडे जायचं. कपाटात उरलेल्या गोळ्या आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत. आणि घरात आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर त्यांच्या रुतलेल्या नखावर घरगुती प्रयोग बिलकूल नको. त्यांची जखम लवकर भरत नाही, आणि कधी कधी दुखलेलं कळतही नाही.

डॉक्टर काय करतात? आधी अंगठ्याच्या बुडाशी इंजेक्शन देऊन तो बधिर करतात. तेवढ्यापुरतं झोंबतं, खोटं कशाला सांगू! मग रुतलेली कडेची पट्टी तेवढी कापून काढतात. त्रास पुन्हापुन्हा होत असेल, तर त्या कडेच्या मुळाला औषध लावतात, म्हणजे तेवढं नख सहसा परत उगवत नाही. पट्टी बांधून त्याच दिवशी घरी!

माझंही असंच झालं. आईनं धुवायला टाकलेला मोजा पाहिला आणि माझं बिंग फुटलं. ओरडा बसला, पण मनात धरला होता त्याच्या निम्माही नाही. १५ ऑगस्टची कवायत मात्र मी मैदानाच्या कडेला बसून पाहिली. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला पट्टी. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर रांगेत उभा असतो.

तेव्हा मुलांनो, येत्या रविवारी आंघोळीनंतर नखं मऊ असताना नेलकटर घ्या. पायाची नखं सरळ आडवी कापा, बोटाच्या टोकाइतकी लांब ठेवा. कोपरे गोल करायचे नाहीत, खोल तर मुळीच जायचं नाही. आणि नख टोचायला लागलंच, तर ब्लेड नाही, आधी आईला हाक मारायची. मारणार ना?