एकोणसाठ गाठी

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी पाठवले, की ते रिकामे परत यायचे नाही, हा आपल्या पेठांतला अलिखित कायदा आहे. नाना पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून जे कॅथलिक कुटुंब राहत असे, तेही हा कायदा कसोशीने पाळी. फरक एवढाच, की आमचे ताट त्यांच्याकडे जाई दिवाळीत आणि परत येई ते नाताळात! मधला दीड-दोन महिना ते त्यांच्या फडताळात मुक्काम करी. माझी आई दर वर्षी म्हणे, "यंदा काही ताट येत नाही हो!" आणि दर वर्षी चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी ते क्रोशाच्या रुमालाखाली शिगोशीग भरून येई.

रुमाल उचलला, की पहिली दिसे ती करंजी. पहिल्या वेळी आई चकितच झाली. "अगंबाई, ही तर आपलीच!" त्यावर शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, "तुमची करंजी, आमची नेवरी. बहिणी-बहिणी त्या." करंजीच्या शेजारी शंखासारखी वळलेली कुलकुले असत. मैद्याची एवढीशी गोळी काट्याच्या पाठीवर नाही तर कोऱ्या फणीवर दाबायची आणि अलगद गुंडाळून घ्यायची, म्हणजे तिच्यावर नक्षीच्या रेघा उमटतात. मग तळायची आणि साखरेच्या पाकात घोळायची. दोदोल मात्र आजी स्वतः करीत. तांदळाचे पीठ, काळा गूळ आणि नारळाचा रस मंद विस्तवावर तासन् तास ढवळीत बसायचे, कडेने तेल सुटेपर्यंत. हात थांबला, की खाली लागलेच!

ही गोष्ट पंचेचाळीस वर्षांपूर्वीची. त्या घरात माणसे पाच. आजी गोव्याच्या, त्यांना घरात 'शमाय' म्हणत. गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत शमाय म्हणजे आजी, आणि पुढे सगळी गल्लीच त्यांना शमाय म्हणू लागली. मुलगा खडकीच्या कारखान्यात नोकरीला. सून नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, अस्सल मराठी. तिच्या माहेरी '१९०३ पासूनचा' म्हणून अभिमानाने सांगितला जाणारा 'निरोप्या' हा मराठी कॅथलिकांचा मासिक अंक वाचला जाई. आणि दोन नातवंडे, दोघेही इंग्रजी शाळेत. त्यातली मोठी माझी मैत्रीण. म्हणजे पाच माणसांत भाषा तीन! माझ्या या लेखाचा विषय तोच आहे. पण त्याकडे जाण्याआधी या घरातले हात दाखवले पाहिजेत.

त्यांचे वर्ष हातांनी मोजले जाई. आम्ही मुले दिवाळीत अंगणात किल्ला करीत असू. दिवाळी संपली, की किल्ल्याची माती माझी मैत्रीण पाटीत भरून घरी नेई, कारण नाताळच्या गोठ्याला डोंगर लागत असे. आम्ही किल्ल्यावर अळीव पेरीत असू. तिच्याकडे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करवंट्यांतून नाचणी पेरली जाई. नवरात्रातल्या घटासारखेच ते हिरवे कोंब वाढत, आणि तेच बाळ येशूच्या गोठ्याभोवतालचे रान होई. गव्हाणीत अंथरायच्या गवताचा मात्र एक नियम होता. ज्याने दिवसभरात एखादे चांगले काम केले असेल, त्याने एक काडी ठेवायची. शमायचा नातू दिवसाला सात-आठ काड्या ठेवी आणि बहीण त्यातल्या सहा उचलून टाकी! गव्हाण मात्र चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामीच राही. बाळ जन्मायच्या आधी त्याला निजवायचे कसे? तीन राजेही दूर, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. रोज थोडे थोडे सरकत ते सहा जानेवारीला पोहोचत. हा देखावा मांडण्याची चाल आठशे वर्षांची आहे. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून तो उभा केला होता.

चांदणीचे काम वडिलांकडे. बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या येत. पाच कामट्यांची एक चांदणी, तशाच पाचांची दुसरी. दोन्हींची टोके टोकांना बांधायची आणि मध्ये पाच आखूड कामट्या तणावासारख्या अडकवायच्या, की चांदणी फुगून उभी राहते. वर पतंगी कागद, कणकेची खळ आणि आत दिवा. आमच्या आकाशकंदिलाचा उरलेला कागद तिच्या शेपटीला लागे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमधून आशीर्वादित झावळ्या येत. शमाय नारळाच्या पातीचा क्रूस अशा काही घडीने वळीत, की त्याला ना टाचणी ना दोरा. तो क्रूस वर्षभर येशूच्या तसबिरीमागे राही. पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या आरंभी तोच वाळलेला क्रूस चर्चमध्ये परत जाई; तिथे जुन्या झावळ्या जाळून राख करतात आणि राखेच्या बुधवारी ती भक्तांच्या कपाळी लावतात. गणपती विसर्जन करणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. हाताने केलेले देवाला द्यायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने करायला बसायचे.

एवढे सारे असूनही त्या घरात एक वेळ अशी होती, की तेव्हा भिंतीपलीकडून आम्हाला अवघडल्यासारखे वाटे. ती वेळ म्हणजे संध्याकाळची साडेसात.

साडेसातला जपमाळेची प्रार्थना. शमाय तिला 'तेर्स' म्हणत, मुले 'रोझरी'. या माळेत एकोणसाठ मणी असतात. दहा-दहांचे पाच गट, त्यांच्या मध्ये एकेक वेगळा मणी, आणि क्रूसाकडे लोंबणाऱ्या शेपटीत आणखी पाच. दर लहान मण्यावर मरियामातेची प्रार्थना म्हणायची. तिचा पूर्वार्ध एकाने म्हणायचा आणि उत्तरार्ध बाकीच्यांनी. म्हणजे ही प्रार्थना एकट्याची नव्हे, सवाल-जबाबाची. शमाय पूर्वार्ध कोंकणीत म्हणत. उत्तर देई तो मुलगा. सून गप्प.

काकूंनी, म्हणजे त्या सुनेने, पुष्कळ वर्षांनी हे मला सांगितले. "मला कोंकणी येत नव्हती गं. चुकीचं बोलले तर देवाचं चुकेल, म्हणून ओठ मिटून बसायची. आईंना वाटायचं, ही मुलगी गर्विष्ठ आहे, हिला भक्ती नाही. आणि मला वाटायचं, या घरात माझ्या मराठीला जागा नाही. सहा वर्षं गेली अशी." सहा वर्षे! भांडण नाही, तंटा नाही. सासू-सुना एकाच परातीतली कुलकुले वळत होत्या, आणि साडेसातला दोघी एकमेकींना परक्या होत होत्या.

वास्तविक शमायना लॅटिनची सवय होती. त्यांच्या तरुणपणी चर्चमधला मिस्सा लॅटिनमध्ये होई; व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या सुमारास, तो लोकांच्या भाषांत होऊ लागला. न समजणाऱ्या भाषेत त्यांनी आयुष्यातली चाळीस वर्षे प्रार्थना केली होती. पण घरातली प्रार्थना वेगळी. ती त्यांच्या आईची भाषा होती, आणि गाव सुटल्यावर हातात उरलेले तेवढेच गोवे होते.

मग एका ऑक्टोबरात ती माळ तुटली. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, त्यातल्या सात तारखेला तिचा सण. शमायची माळ त्यांच्या माहेरची, लाकडी मण्यांची, चांदीच्या तारेत ओवलेली. तार झिजली होती. ऐन प्रार्थनेत तुटली आणि मणी शहाबादी फरशीवर चौफेर उधळले. आम्हीसुद्धा कंदील घेऊन गेलो. खाटेखाली, ट्रंकेमागे, मोरीच्या तोंडाशी, सगळीकडे शोधले. अठ्ठावन्न सापडले. एक नाहीच. शमाय काही बोलल्या नाहीत. मणी पितळी डबीत घालून त्या तशाच निजल्या, जेवल्यादेखील नाहीत.

त्या रात्री काकू दिव्यापाशी पांढरा सुती दोरा घेऊन बसल्या. माहेरच्या गावी मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी त्यांना दोऱ्याची माळ करायला शिकवली होती. या माळेत मणी नसतातच, गाठीच मणी होतात. दोऱ्याचे तीन वेढे बोटाभोवती घ्यायचे, दोऱ्याचे टोक त्या वेढ्यांच्या पोटातून काढायचे, बोट हळूच सोडवायचे आणि ओढायचे. ओढताना गाठ सरकू द्यायची नाही. ती नेमकी मागच्या गाठीशेजारी बसली पाहिजे, नाही तर सगळी माळ वाकडी होते.

सकाळी ती माळ शमायच्या उशाशी होती. त्यांनी ती उचलली, डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने जास्त पाहिली, एकेक गाठ चाचपीत शेवटपर्यंत गेल्या. एकोणसाठ. मग इतकेच म्हणाल्या, "हें म्हाका शिकय."

हे मला शिकव! सहा वर्षांत सासूने सुनेकडे प्रथमच काही मागितले होते. दुपारी दोघी ओट्यावर बसल्या. शमायच्या पहिल्या गाठी सैल पडत, घसरत, काकू त्यांचे बोट धरून दाखवीत, "असं नाही आई, असं." त्या संध्याकाळी साडेसातला भिंतीपलीकडून शमायचा कोंकणी पूर्वार्ध आला, मग क्षणभर शांतता, आणि मग त्यांचेच शब्द, "तुजे भाशेंत म्हण गो." त्यानंतर काकूंचा आवाज आम्ही प्रथमच ऐकला. मराठीतून. पुढे मुलेही इंग्रजीतून म्हणू लागली. सवाल कोंकणीत, जबाब मराठी-इंग्रजीत, आणि मौज अशी, की कोणी मागे-पुढे होत नसे. माळेवरची गाठ सगळ्यांची एकदमच सरके.

हे काही नवल नव्हे, असे आता वाटते. थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी मराठी ओव्यांत लिहिलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्याच गृहस्थांनी कोंकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले आणि कोंकणीचे व्याकरणही रचले. इंग्रजी, मराठी, कोंकणी, म्हणजे शमायच्या घरातल्याच तीन भाषा! चारशे वर्षांपूर्वी ज्या एका माणसात सुखाने नांदल्या, त्या एका खोलीत का नांदू नयेत? पुण्यालाही हे परके नाही. आमच्या घरापासून जवळ क्वार्टर गेटचे सिटी चर्च आहे. त्याची जागा पेशव्यांच्या सैन्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी सवाई माधवरावांनी १७९२ साली दिली. पेशवाईतल्या त्या जागेवर आज वेगवेगळ्या मुलखांतून आलेले भाविक गुडघे टेकतात. आणि 'नाताळ' हा आपला शब्द तरी कुठला? पोर्तुगीजच. पाव, चावी आणि बादलीबरोबर तोही आपल्या घरात येऊन बसला.

त्यानंतर त्या दोघींनी दोऱ्याच्या किती माळा केल्या, याची गणती नाही. इस्पितळातल्या रुग्णांना, तुरुंगातल्या बंद्यांना त्या फुकट वाटल्या जात. दोऱ्याला तार नाही, टोक नाही, म्हणून ती कोणाच्याही हाती देता येई. शमायची लाकडी माळही पुढे दुरुस्त झाली. हरवलेल्या मण्याच्या जागी तुळशीबागेतून आणलेला एक मणी सोनाराने ओवून दिला. त्याचा रंग थोडा वेगळा दिसे. शमाय म्हणत, "हो आमचो पुण्याचो."

शमाय गेल्या तेव्हा मी लग्न होऊन दूर होते, पण धावत आले. ख्रिस्ती लोक मृताच्या हाती जपमाळ गुंफून ठेवतात. मला वाटले, ती लाकडी माळच असेल. पाहते तो त्यांच्या बोटांत ती पहिली, वापरून मऊ आणि पिवळसर झालेली दोऱ्याची माळ. काकू म्हणाल्या, "त्यांनीच सांगून ठेवलं होतं. माहेरची घरात राहू दे, पोरांना लागेल. सुनेनं केलेली माझ्याबरोबर येईल."

ती लाकडी माळ आता माझ्या मैत्रिणीकडे आहे. तिची मुले कोंकणी समजतात, बोलत नाहीत. गोठा पुष्कळदा बाजारातून तयार येतो, चांदणीही. तिला त्याची खंत आहे. पण ऑक्टोबरात एक रविवार ती दोरा घेऊन मुलांना बसवते. मोबाइल बाजूला ठेवायचे आणि तीन वेढे घ्यायचे. धाकट्याच्या गाठी घसरतात. मागच्या वर्षी मी गेले होते, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "मम्मा, एक गाठ कमी पडली तर काय होईल?" काकू कोपऱ्यात खुर्चीवर होत्या. आता त्यांनाही कमी दिसते. त्या म्हणाल्या, "काही होत नाही रे. पण मग कोणीतरी एक जण उत्तर द्यायचं राहून जातं."

यंदाही आमचे ताट त्यांच्याकडे गेले आहे. कधी परत येईल, हे मला ठाऊक आहे.