विष्णुपुरीचा काळेश्वर

अर्धापूरच्या रहिवाशाने देवदर्शनासाठी गावाची वेस ओलांडावी, असे वस्तुतः काही कारण नाही. कारण रट्ट राजांच्या शिलालेखामुळे अभ्यासकांस परिचित असलेल्या या जुन्या कसब्यात साक्षात केशवराज उभा आहे, आणि उजव्या खालच्या हातापासून प्रदक्षिणाक्रमाने पद्म, शंख, चक्र व गदा अशी केशवाची जी आयुधे मूर्तिशास्त्राने सांगितली, ती ताडून पाहण्यातच जिज्ञासूची एक सकाळ सुखाने जाते. परंतु आमच्या केळीच्या बागांना कालव्याचे पाणी कितीही मिळो, गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठचा देव पाहायचा तर आसनेचा पूल ओलांडून नांदेड गाठावे, गोदावरी पार करावी आणि लातूरच्या रस्त्याने विष्णुपुरीस जावे, हेच खरे. तेथे काळेश्वर आहे.

देवालय काळ्या पाषाणाचे. लोक त्यास हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा मुख्य अधिकारी होता. मात्र चुन्याशिवाय दगडावर दगड बसविण्याची ही विद्या त्याच्या जन्मापूर्वीच चालुक्यांच्या कारागिरांनी मराठवाड्यात पूर्णत्वास नेली होती, त्यामुळे सगळे श्रेय या एका मुत्सद्द्याच्या खाती जमा करणे मला अन्यायाचे वाटते. दगडाची बैठक इतकी नेमकी घडवायची की वरचा भारच खालच्या थरास जागी धरून ठेवील, खांब आणि तुळई खाच-खुंटीने जखडायची, आणि चौकोनी दालनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकीत टाकीत छत आकुंचित करीत न्यायचे, हे त्या विद्येचे सार होय. कमान नाही, चुना नाही. भरवसा सारा वजनावर.

अशा देवस्थानांचा कारभार निजामाच्या अमदानीत ‘उमूर-ए-मजहबी’ या सरकारी धर्मखात्याच्या नजरेखाली चाले, आणि इनाम जमिनींच्या सनदा व मुन्तखब (इनामाच्या चौकशीचे निर्णयपत्र) यांची कागदपत्रे मराठवाड्यातील अनेक पुजारी घराण्यांत अद्याप मूर्तीइतक्याच आदराने जपली जातात. (मूर्तीपेक्षा अधिक, असे कुणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही.)

मात्र काळेश्वराची खरी कथा दगडापेक्षा पाण्याची आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावून 1465 किलोमीटरांचा प्रवास करणारी गोदावरी पूर्वी या तीरावरून ऋतूप्रमाणे रूप पालटीत जाई: आषाढात गढूळ, भाद्रपदात उन्मत्त आणि वैशाखात वाळूतून वाट काढणारी एक क्षीण धार. वरच्या अंगाला पैठण येथे 1965 साली जायकवाडीची पायाभरणी झाली, 1976 साली ते धरण राष्ट्रास अर्पण झाले. पुढे खुद्द विष्णुपुरीस 18 दरवाजांचा बंधारा उभा राहिला, पंपांनी पाणी वर उचलून शेतीस पुरविण्याची विशाल योजना आकारास आली, आणि तिला डॉ. शंकरराव चव्हाण यांचे नाव मिळाले. परिणाम असा की काळेश्वराच्या पायाशी आता नदी वाहत नाही, ती थांबते. महाशिवरात्रीस आणि श्रावणी सोमवारी लोटणारा भाविकांचा समुदाय ज्या विस्तीर्ण जलाशयाकडे पाहून हात जोडतो, ते दृश्य देऊळ बांधणाऱ्याने कल्पिलेले नव्हते. तरी मी या बदलास विटंबना म्हणणार नाही. ज्या प्रांताने दुष्काळ सोसला, त्याने अडविलेले पाणी देवाच्या दारी दिसावे, यात अमंगल असे काय आहे? आणि 2006 सालच्या महापुरात नांदेडने पाहिलेच, की नदीने आपला जुना स्वभाव सर्वस्वी सोडलेला नाही.

मला खरी खंत आहे ती आपल्या उत्साहाची. जीर्णोद्धाराच्या नावाने मराठवाड्यातील किती शिल्पे तैलरंगाने लिंपली गेली आणि किती जुन्या फरशांवर चकचकीत लाद्या आल्या, याची गणती करवत नाही. यावरचा उपाय मात्र जवळच आहे. काळेश्वराच्या शेजारीच 1981 साली श्री गुरु गोविंदसिंगजी यांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तर 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले. गणित जाणणारी आणि इतिहास शिकणारी तरुण मुले या देवळापासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांनी एखाद्या सुटीत मोजपट्टी व कागद घेऊन यावे, खांब, तुळया, सांधे व जोत्याची उंची टिपून घ्यावी आणि तो नकाशा देवस्थानच्या दफ्तरी दाखल करावा; पुढचा गवंडी चुन्याची पाटी उचलण्यापूर्वी त्याने निदान तो पाहावा.