विश्लेषण : बाटलीत बंद शहर, कपाटात जपलेली मातृभूमी… सुपरमॅनच्या ‘कँडोर’ची गोष्ट काय सांगते?

सुपरमॅन डोंगर उचलतो, विमाने झेलतो आणि ग्रहांची दिशाही बदलतो. तरीही त्याच्या घरातल्या एका काचेच्या बाटलीपुढे तो वर्षानुवर्षे हतबल होता. त्या बाटलीत होते ‘कँडोर’. त्याच्या नष्ट झालेल्या क्रिप्टॉन ग्रहावरचे हे एकमेव शिल्लक शहर, माणसांसह आणि इमारतींसह सूक्ष्म झालेले. कॉमिक्सच्या जगात ६० वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही कल्पना नेमकी काय आहे आणि ती पुन:पुन्हा का परतते, याचा हा आढावा.

कँडोर म्हणजे काय?

कँडोर ही क्रिप्टॉन ग्रहाची राजधानी. जुलै १९५८ मध्ये आलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या २४२ व्या अंकात ती वाचकांना पहिल्यांदा दिसली. कथा ऑटो बाइंडर यांची, चित्रे अल प्लॅस्टिनो यांची. याच अंकात ब्रेनिॲक हा खलनायकही अवतरला. त्याच्या ग्रहावरची प्रजा साथीच्या रोगात मेलेली असते. ओसाड ग्रह पुन्हा वसवण्यासाठी तो विश्वभर फिरून शहरेच्या शहरे किरणांनी आक्रसतो आणि बाटल्यांत भरून नेतो. पृथ्वीवरची काही शहरेही तो अशीच उचलतो. त्यांना सोडवायला गेलेला सुपरमॅन स्वत:ही लहान होतो आणि यानातल्या बाटल्यांपैकी एकीत त्याला चक्क आपल्या जन्मग्रहाची राजधानी सापडते. क्रिप्टॉनचा स्फोट होण्यापूर्वीच ब्रेनिॲकने ती चोरलेली असते. म्हणजे ज्या चोरीने कँडोरवासीयांचे स्वातंत्र्य गेले, त्याच चोरीने त्यांचे प्राण वाचले.

मग सुपरमॅनने शहर तेव्हाच मोठे का केले नाही?

पृथ्वीवरची शहरे पूर्ववत झाल्यावर यंत्रात फक्त एकदाच वापरता येईल एवढी शक्ती उरते. त्यातून कँडोर तरी मोठे होईल किंवा सुपरमॅन तरी. सुपरमॅन शहराच्या बाजूने विचार करत असतानाच कँडोरचा एक शास्त्रज्ञ छोट्या रॉकेटमधून येऊन कळ दाबतो आणि सुपरमॅनला मूळ आकार मिळवून देतो. शहर मात्र बाटलीतच राहते. सुपरमॅन ती बाटली उत्तर ध्रुवाजवळच्या आपल्या एकांतवासात, ‘फोर्ट्रेस ऑफ सॉलिट्यूड’मध्ये नेऊन ठेवतो आणि ‘एक दिवस तुम्हाला मोकळे करीन’ असा शब्द देतो. या शब्दाच्या ओझ्यावर पुढची दोन दशके कथा रचल्या गेल्या.

कल्पना नेमकी तेव्हाच का आली?

१९५४ मध्ये अमेरिकी कॉमिक्सवर ‘कॉमिक्स कोड’चे निर्बंध आले. हिंसा आणि भयकथांना कात्री लागली. सुपरमॅनच्या मासिकांचे संपादक मॉर्ट वाइझिंगर यांनी त्यानंतर मारामारीपेक्षा अद्भुत कल्पनांवर आणि नायकाच्या भावविश्वावर भर दिला. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात गेला होता आणि अंतराळ हा घराघरातला विषय झाला होता.

तोवर सुपरमॅन ‘आपल्या वंशातला शेवटचा’ होता. कँडोरने ते एकाकीपण मोडले. १० महिन्यांनी, मे १९५९ मध्ये, त्याची चुलत बहीण सुपरगर्ल पृथ्वीवर आली आणि क्रिप्टॉन ही फक्त आठवण न राहता कुटुंब आणि गावकी असलेली जागा झाली. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले होते. त्यामुळे सुपरमॅनकडे स्थलांतरिताची गोष्ट म्हणून पाहणारे अभ्यासक अनेक आहेत. त्या नजरेने पाहिले तर कँडोर म्हणजे मागे राहिलेला मुलूख. तो दिसतो, पण तिथे राहायला जाता येत नाही.

बाटलीतले जीवन कसे होते?

कथांमध्ये कँडोर हे चालतेबोलते शहर आहे. तिथे क्रिप्टॉनची भाषा, पोशाख, विज्ञान आणि चालीरीती जपल्या जातात. सुपरमॅन अधूनमधून लहान होऊन आत जातो. बाटलीत क्रिप्टॉनसारखी परिस्थिती असल्याने तिथे त्याच्या महाशक्ती चालत नाहीत. तिथे तो चारचौघांसारखा नागरिक असतो. उलट कँडोरचे लोक बाहेर आले, की आकाराने इवलेसे असूनही महाशक्तिमान होतात. अशा स्वयंसेवकांचे ‘सुपरमॅन इमर्जन्सी स्क्वॉड’ संकटात त्याच्या मदतीला धावून येते.

या शहराने कॉमिक्सविश्वाला एक कायमचे नावही दिले. जानेवारी १९६३ च्या ‘सुपरमॅन’ १५८ मध्ये कँडोरमध्ये सुपरमॅनविरोधात असंतोष पेटलेला असतो. त्यामुळे तो आणि जिमी ऑल्सन तिथे वेषांतर करून वावरतात. बॅटमॅन-रॉबिनच्या धर्तीवर ते ‘नाइटविंग’ आणि ‘फ्लेमबर्ड’ ही नावे घेतात. पुढे १९८४ मध्ये पहिला रॉबिन, डिक ग्रेसन, मोठा होऊन बॅटमॅनपासून वेगळा झाला तेव्हा त्याने ‘नाइटविंग’ हेच नाव स्वीकारले.

विज्ञानाच्या कसोटीवर हे शहर टिकेल?

नाही, आणि कारणे रंजक आहेत. पाच किलोमीटर रुंद शहर अर्ध्या मीटरच्या बाटलीत बसवायचे तर प्रत्येक लांबी १० हजार पटींनी कमी करावी लागेल. १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस मग ०.१७ मिलिमीटरचा, म्हणजे बारीक वाळूच्या कणाएवढा होईल.

पहिला प्रश्न वजनाचा. अणू तेवढेच ठेवून फक्त जवळ आणले, तर शहराचे वजन बदलणार नाही. अख्ख्या शहराचा भार पेलणारे कपाट मिळणे अशक्यच. उलट प्रमाणात अणूच कमी केले, तर मेंदूचे काय? माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. वाळूच्या कणात तेवढ्या पेशी मावणार नाहीत.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. लांबी १० हजार पटींनी घटली, तर पृष्ठभाग १० कोटी पटींनी आणि आकारमान एक लाख कोटी पटींनी घटते. म्हणजे शरीराच्या मानाने त्वचा खूपच जास्त होते आणि ऊब झपाट्याने निघून जाते. चिचुंद्रीच्या कुळातले काही अगदी छोटे प्राणी याच कारणाने दिवसाकाठी जवळपास स्वत:च्या वजनाइतके खातात. कँडोरवासीयांना तर अखंड खावे लागले असते.

तिसरा प्रश्न दृष्टीचा. चार मिलिमीटरची बाहुली इतकी लहान झाली, की ती दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी किंवा त्याहून छोटी ठरते. अशा डोळ्याला स्पष्ट प्रतिमा दिसणारच नाही. बाटलीबाहेर उभा असलेला सुपरमॅन त्यांना दिसलाच नसता.

शहर अखेर मोकळे झाले का?

झाले, पण २१ वर्षांनी. १९६३ च्या एका गाजलेल्या कथेत लाल आणि निळा असे दोन सुपरमॅन कँडोर मोठे करतात. मात्र ती ‘काल्पनिक कथा’ म्हणूनच छापली होती. मुख्य कथानकात तो क्षण ऑगस्ट १९७९ च्या ‘सुपरमॅन’ ३३८ मध्ये आला. दुसऱ्या एका ग्रहावर शहर मोठे केले जाते. माणसे सुखरूप राहतात, इमारती मात्र कोसळून भुगा होतात. इतकी वर्षे जिवापाड जपलेले शहर मोकळे होताच नाहीसे होते. उरतात ती माणसे, आणि ती नव्याने उभारणीला लागतात.

१९८६ मध्ये सुपरमॅनची कथा नव्याने मांडताना जॉन बर्न यांनी त्याला पुन्हा एकटा केले, तेव्हा कँडोरही बाद झाले. पण ही बाटली फार काळ बंद राहिली नाही. २००८ मध्ये जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांच्या ‘ब्रेनिॲक’ कथेत कँडोर आर्क्टिकच्या बर्फावर पूर्ण आकारात अवतरते. एक लाख क्रिप्टॉनवासी, आणि प्रत्येकाकडे सुपरमॅनची ताकद. पृथ्वीवर आधी कुतूहल, मग भीती, मग वैर असा प्रवास होतो. पाहुणे स्वत:चा ‘न्यू क्रिप्टॉन’ ग्रह उभारून सूर्याच्या पलीकडच्या बाजूला निघून जातात, पण २०१० मध्ये तोही युद्धात नष्ट होतो. एकटा परका जगाला लाडका वाटतो. त्याचे सगळे गाव आले, की तेच जग दारे लावते. निर्वासितांच्या प्रश्नावर सुपरहीरो कॉमिक्सने केलेले हे बरेच कडवे भाष्य आहे.

कॉमिक्सबाहेर कँडोर कुठे दिसते?

अमेरिकी कलावंत माइक केली (१९५४-२०१२) यांच्या लक्षात आले, की वेगवेगळ्या चित्रकारांनी कँडोर प्रत्येक वेळी वेगळे काढले आहे. सुपरमॅन ज्या शहरासाठी झुरतो त्याला ठरलेला चेहराच नाही. १९९९ पासून सुमारे एक तप केली यांनी रंगीत रेझिनची कँडोर शहरे काचेच्या घुमटांखाली मांडली. दूर गेलेले घर आठवताना ते दर वेळी थोडे बदलते, हा अनुभव त्यांनी असा डोळ्यांपुढे ठेवला. २०१८-१९ मधील ‘क्रिप्टॉन’ ही दूरचित्रवाणी मालिका तर कँडोरमध्येच घडते. तिचा नायक सुपरमॅनचा आजोबा आहे.

या गोष्टीत आजही काय उरते?

वाचवणे आणि मोकळे करणे यांत अंतर असते, हा कँडोरचा गाभा. ब्रेनिॲकने शहर चोरले आणि सुपरमॅनने जपले. आतल्या माणसांसाठी काच मात्र तीच राहिली. सुपरमॅनचा हेतू स्वच्छ होता आणि प्रयत्नही खरे होते. तरीही कधी आणि कुठे मोकळे करायचे, याची किल्ली बाहेरच्या एकाच माणसाच्या हाती होती. १९६३ मध्ये कँडोरच्या रस्त्यांवर त्याच्याविरुद्ध रोष उसळतो, तो म्हणूनच समजण्यासारखा आहे. सुरक्षित ठेवलेल्या माणसांनाही स्वत:च्या घराविषयी बोलायचे असते. १९७९ च्या कथेने त्यांना घर दिले नाही, फक्त मोकळी जमीन दिली. कँडोरवासीयांनी तेवढ्यावर शहर उभारायला घेतले.