विश्लेषण : एकाच कळीवर इंटरनेटवर शोध… ‘शॉर्टकट’ कसा तयार करायचा? त्यात धोका कोणता?

शब्द निवडा, कॉपी करा, नवा टॅब उघडा, संकेतस्थळाचे नाव टाका, शोधाची चौकट शोधा, पेस्ट करा, एंटर दाबा. मुद्रितशोधक, अनुवादक, वकिलाकडील कारकून किंवा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी दिवसभरात हा क्रम कितीतरी वेळा करतो. एका शोधाला १२ सेकंद आणि दिवसाला ६० शोध धरले, तर रोजची १२ मिनिटे आणि २५ दिवसांचे पाच तास केवळ यात जातात. हे काम संगणकावर सोपवता येते आणि त्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही.

शोध पत्त्यात कसा दडलेला असतो?

एखाद्या संकेतस्थळावर शब्द शोधल्यावर वर अॅड्रेस बारमध्ये पाहावे. बहुतेक वेळा प्रश्नचिन्हानंतर तोच शब्द पत्त्यात आलेला दिसतो. म्हणजे पत्त्याचा बाकी भाग कायम राहतो, बदलतो तो फक्त शब्द. शॉर्टकटची सगळी युक्ती या एका गोष्टीवर चालते. मात्र जिल्हा, तालुका, गाव निवडून कॅप्चा भरावा लागतो, अशा सातबाराच्या संकेतस्थळावर ही युक्ती चालत नाही.

क्रोममध्ये काय करावे लागते?

उदाहरण म्हणून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घेऊ. त्याची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहे. तिथे आधी एखादा सोपा इंग्रजी शब्द शोधावा आणि येणारा पत्ता कॉपी करावा. क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘सर्च इंजिन’ विभागात ‘साइट सर्च’ असते. तिथे ‘अॅड’ दाबून नाव, दोन-तीन अक्षरांचा शॉर्टकट आणि पत्ता भरावा. पत्त्यातील शोधलेला शब्द काढून त्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्याला जोडून इंग्रजी लहान ‘एस’ लिहावा.

यानंतर कंट्रोल आणि एल दाबले की कर्सर अॅड्रेस बारमध्ये जातो. शॉर्टकटची अक्षरे, टॅब, शब्द आणि एंटर, इतक्यात कोश उघडतो. फायरफॉक्समध्ये बुकमार्कला ‘कीवर्ड’ देऊन हेच करता येते. त्याच्या अँड्रॉइड अॅपमध्येही स्वतःचे सर्च इंजिन जोडण्याची सोय आहे.

स्क्रिप्टची गरज कधी?

शब्द वर्ड किंवा पीडीएफमध्ये असेल, तर ब्राउझरचा शॉर्टकट अपुरा पडतो. विंडोजवर त्यासाठी ‘ऑटोहॉटकी’ हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरले जाते. यात साध्या नोटपॅडमध्ये पाच-सहा ओळी लिहाव्या लागतात. कंट्रोल, ऑल्ट आणि जी एकत्र दाबल्यावर स्क्रिप्ट चार कामे करते : क्लिपबोर्ड रिकामा करते, निवडलेला शब्द कॉपी करते, तो येईपर्यंत सेकंदभर थांबते आणि शोधाच्या पत्त्याला तो जोडून ब्राउझर उघडते. डिसेंबर २०२२ मध्ये या सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या अनेक स्क्रिप्ट तिच्यात जशाच्या तशा चालत नाहीत, त्यामुळे उतरवून घेताना आवृत्ती तपासावी.

मराठी शब्दांची अडचण काय?

वेब पत्त्यात देवनागरी अक्षरे थेट जात नाहीत, त्यांचे टक्क्याच्या चिन्हांसह रूपांतर होते. ‘पुणे’ या छोट्या शब्दाची त्यात ३६ चिन्हे होतात. म्हणूनच वर इंग्रजी शब्दाने चाचणी घ्यायला सांगितले आहे; तो पत्त्यात चटकन ओळखू येतो. ब्राउझर हे रूपांतर स्वतः करतो. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये मात्र ते करून घेणे उत्तम. नाही तर मजकुरात ‘अँड’चे चिन्ह (&) किंवा हॅश (#) आले की त्यापुढचा भाग शोधातून गळतो आणि निकाल चुकीचे येतात.

खरा धोका कुठे?

स्क्रिप्टमधील पहिली ओळ, म्हणजे क्लिपबोर्ड रिकामा करणे, अनेक जण अनावश्यक म्हणून गाळतात. मग एखाद्या वेळी शब्द नीट निवडला गेला नाही, तर क्लिपबोर्डवर आधीपासून असलेला मजकूर शोधला जातो. तो पासवर्ड, बँक खात्याचा क्रमांक किंवा पक्षकाराचा आधार क्रमांक असू शकतो. एका क्षणात तो सर्च कंपनीकडे पोहोचतो आणि ब्राउझरच्या हिस्ट्रीतही उरतो. हिस्ट्री पुसता येते. पाठवलेली माहिती परत घेता येत नाही.

दुसरा धोका अनोळखी स्क्रिप्टचा. कळा ओळखणारी स्क्रिप्ट दाबलेली प्रत्येक कळ नोंदवूही शकते. त्यामुळे सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी नोटपॅडमध्ये उघडून वाचावी. वाचता न येणारी, थेट चालणारी ‘ईएक्सई’ फाइल कोणी पाठवली तर टाळावी. कार्यालयाच्या संगणकावर आयटी विभागाची परवानगी घ्यावी.

नियमांची मर्यादा कोणती?

एक कळ, एक शोध, एक माणूस इथपर्यंत हरकत नसते. शेकडो शोध आपोआप करणारी स्क्रिप्ट गुगलच्या नियमांत बसत नाही. असा वापर लक्षात आल्यास कॅप्चा समोर येतो. मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सच्या अटींनुसार बॉट किंवा मॅक्रोने केलेला शोध ‘शोध’ म्हणून धरलाच जात नाही. पॉइंटसाठी अशी स्क्रिप्ट चालवणाऱ्यांना खाते गमावण्याची वेळ येऊ शकते.

सुरुवात कुठून करावी?

दिवसातून सर्वाधिक वेळा उघडले जाणारे एकच संकेतस्थळ निवडून ब्राउझरमधला शॉर्टकट आठवडाभर वापरून पाहावा. अनेकांचे काम तेवढ्यावरच भागते. ते भागले नाही, तरच स्क्रिप्टकडे वळावे आणि तेव्हा क्लिपबोर्ड रिकामा करणारी पहिली ओळ गाळू नये.