पाइप, बादली आणि मडकं

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक गंमत करा. बागेला पाणी घालायचा पाइप बादलीत सोडा आणि घड्याळ बघा. आमच्या अंगणात १५ लिटरची बादली एका मिनिटात भरली! म्हणजे हिरवळीवर पाइप टाकून मी शेजारणीशी अर्धा तास गप्पा मारल्या, की ४५० लिटर पाणी गेलं. बाई असून मी हे रोज करत होते बरं का!

एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, एकेकीत ५० हजार लिटर पाणी. माझा हिशेब मांडून बघा. चार महिने पुरे व्हायच्या आतच मी एक वाघीण संपवत होते.

आता मी काय करते? जास्वंदीजवळ मातीचं साधं मडकं गळ्यापर्यंत पुरलंय. रंगवलेलं मडकं नको, ते पाझरत नाही. पाणी भरून वर झाकण ठेवायचं, नाहीतर डास होतात. माती कोरडी झाली की मडकं जास्त पाझरतं, ओली असली की कमी. पाणी थेट मुळांशी!

हिरवळीला मात्र मडकं पुरत नाही. तिथं आधी मातीत बोट खुपसायचं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. घालायचंच तर सकाळी लवकर, कारण दुपारचं पाणी ऊनच पिऊन टाकतं. आणि हरळी उन्हाळ्यात पिवळी पडली तर पडू द्या. पावसाळ्यात ती पुन्हा फुटते. आईबाबांना हे पटवणं जरा अवघड जाईल, तेव्हा आधी बादली दाखवा.